आज्जींची गोळ्यांची पिशवी

"डी. फार्म तर दोन वर्षांचं असतं. तुला सहा का लागली?"

हा प्रश्न मला सख्ख्या मामांनी विचारलाय, आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्या काकांनी विचारलाय आणि एकदा मला बघायला आलेल्या मुलाच्या आत्यानेही. डी. फार्म म्हणजे डिप्लोमा, तो वेगळा, फार्म. डी वेगळं, हे मी पहिली दोन वर्षं सगळ्यांना तपशिलात समजावून सांगायचे. नंतर नंतर "नापास झाले होते हो मधे" एवढंच म्हणून विषय संपवायला लागले.

खरी गोष्ट अशी की बारावीनंतर नीटच्या मार्कांनी हात दिला नाही. सीईटीच्या कॅप राउंडला फॉर्म भरताना बी. फार्मच्या खाली फार्म. डी असा पर्याय दिसला आणि त्यापुढे 'डॉक्टर ऑफ फार्मसी' असं लिहिलेलं होतं. घरी डॉक्टर या शब्दावर सगळे खूश. भारतात हा कोर्स 2008 साली सुरू झाला, वर्गात फक्त तीस जागा असतात, पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष इंटर्नशिप, हे सगळं मला प्रवेश घेतल्यावर कळलं. पश्चिम महाराष्ट्रातलं एक कॉलेज, त्याला जोडलेलं एका ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल. दोन्हींची नावं सांगत नाही, कारण पुढे थोडी गाऱ्हाणीही येणार आहेत.

पहिल्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ॲनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक. बायोलॉजीवाल्यांना रेमेडियल मॅथ्स आणि मॅथ्सवाल्यांना रेमेडियल बायोलॉजी, म्हणजे जे टाळून आलो तेच पुन्हा ताटात. दुसऱ्या वर्षापासून हॉस्पिटल पोस्टिंग सुरू होतं. नियम असा की दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात दर वर्षी किमान पन्नास तास हॉस्पिटलमध्ये घालवायचे आणि ते किमान दोनशे दिवसांत विभागायचे. हिशेब करून बघा, दिवसाला पंधरा मिनिटं होतात. पंधरा मिनिटांत आमच्या हॉस्पिटलची लिफ्ट खाली यायची नाही. त्यामुळे प्रत्यक्षात आठवड्यातून एकदा जायचं, मेडिसिन वॉर्डच्या दाराशी घोळक्याने उभं राहायचं, सिस्टरांनी "इथे गर्दी करू नका" म्हटलं की जिन्यात जाऊन उभं राहायचं आणि जर्नलमध्ये पाच केसेस लिहून आणायच्या. केसेस आम्ही फाइलमधून उतरवायचो. पेशंटशी बोलायला हवं असं कुणी म्हणालं नाही असं नाही, पण बोललं नाही म्हणून कुणाचे मार्क गेल्याचंही ऐकलं नव्हतं.

ही सवय लक्षात ठेवा. पुढे तिने मला चांगलंच गोत्यात आणलं.

पाचव्या वर्षी सगळं बदलतं. सकाळचा अर्धा दिवस रोज वॉर्डात राउंडला, दुपारी लेक्चर्स, शिवाय सहा महिन्यांचा प्रोजेक्ट. याला क्लार्कशिप म्हणतात. पांढरा एप्रन, खिशात कॅल्क्युलेटर, मोबाइलमध्ये ड्रग इंटरॅक्शन तपासायचं ॲप. आमच्या चौघांच्या गटाला मेडिसिनचं एक युनिट मिळालं. पहिल्या दिवशी युनिटच्या सरांनी आमच्याकडे बघून रेसिडेंट डॉक्टरला विचारलं, "हे कोण? नर्सिंगचे का?" रेसिडेंट म्हणाला, "नाही सर, फार्मसी." सर म्हणाले, "मग स्टोअर तळमजल्यावर आहे." सगळे हसले. आम्हीही हसलो, दुसरं काय करणार?

त्यांची चूक होती असं मला आता वाटत नाही. त्यांच्या सबंध शिक्षणात वॉर्डात फार्मासिस्ट कुणी बघितलाच नव्हता. आम्ही नक्की काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही फक्त पुस्तकातून माहीत होतं. ट्रीटमेंट शीट तपासायचं, डोस किडनीच्या क्रिएटिनिनप्रमाणे बरोबर आहे का बघायचं, दोन औषधं एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत ना ते बघायचं, दुष्परिणाम नोंदवायचे, डिस्चार्जच्या वेळी पेशंटला गोळ्या समजावून सांगायच्या. आणि सगळ्यात पहिलं म्हणजे मेडिकेशन हिस्टरी: हा माणूस इथे येण्याआधी काय काय घेत होता.

आमच्या फार्मसी प्रॅक्टिसच्या मॅडम आठवड्यातून तीनदा वॉर्डात यायच्या. त्यांचा एकच धोशा, "पिशवी बघितली का?" आपल्याकडे पेशंट दवाखान्यात येतो तो पिशवी घेऊन. साडीच्या दुकानाची, कधी खताच्या कंपनीची, कधी लग्नातल्या आहेराची. तिच्यात जुने केस पेपर, एक्स-रे, अर्धवट कापलेल्या स्ट्रिपा, मेडिकलची बिलं, एखादी काढ्याची बाटली आणि तळाशी सुटे पैसे. मॅडम म्हणायच्या, पिशवी पलंगावर उपडी करा आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारा. मी हो म्हणायचे. आठ-दहा जणांची पिशवी बघितलीही. मग कंटाळा आला, कारण जुनी फाइल असली की तिच्यात औषधांची यादी आयतीच मिळायची.

सप्टेंबर महिना होता. वॉर्डात डेंग्यूचे पेशंट इतके की दोन पलंगांमध्ये गादी टाकलेली. त्यात एक आज्जी आल्या, साठी उलटलेल्या, जत तालुक्यातल्या एका गावच्या. तीन दिवस ताप, खूप अशक्तपणा. रक्त तपासलं तर प्लेटलेट अठ्ठावीस हजार, पांढऱ्या पेशी अकराशे, दोन्ही खूपच कमी. ताप, कमी प्लेटलेट, सप्टेंबर. रेसिडेंटने डेंग्यू धरून सलाईन चालू केलं. कुणीही तेच केलं असतं.

आज्जींची केस माझ्याकडे आली. त्यांना बरीच वर्षं आमवात होता, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. बोटं वाकडी झालेली. आमच्याच ओपीडीची जुनी फाइल होती. मी त्यातून सुबक अक्षरात उतरवलं: मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड पाच मिलिग्रॅम आठवड्यातले बाकीचे सहा दिवस. मग पलंगाशी जाऊन विचारलं, "आज्जी, गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेत्ये की. एक बी चुकवली न्हाई."

"आणखी काही त्रास?"

"तोंड आलंय गं. भाकरी गिळवत न्हाई, पाणी बी झोंबतंय."

मी लिहिलं, 'तोंडात व्रण', आणि पुढच्या पलंगाकडे गेले. ताप आला की तोंड येतंच, असं मनाशी म्हटलं. ही ओळ मी लिहिली होती, माझ्याच हाताने, मेथोट्रेक्सेटच्या ओळीच्या खाली चार बोटांवर.

दुसऱ्या दिवशी डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. रेसिडेंट म्हणाला, कधी कधी येतो निगेटिव्ह, उद्या पुन्हा पाठवू. क्रिएटिनिन एक पॉइंट आठ, म्हणजे किडनीवरही ताण. तोंडातले व्रण ओठांवर आले होते.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मी केस सांगायला सुरुवात केली आणि मेथोट्रेक्सेट या शब्दावर त्यांनी मला थांबवलं. "कोणत्या वारी घेतात?"

मला माहीत नव्हतं.

"हिस्टरी कुणाची घेतलीस? पेशंटची की फाइलची?"

त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. तरी माझे कान तापले. आम्ही दोघी पलंगाशी गेलो. मॅडमनी खाली वाकून लॉकरमधली पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती चादरीवर ओतली.

दोन औषधं. दोन्ही बारीक, दोन्ही पिवळी. दोन्हींच्या ब्रँडच्या नावाची सुरुवातही सारखीच, कारण दोन्ही कंपन्यांनी नाव फोलेटवरून पाडलेलं. मेथोट्रेक्सेटची दहा गोळ्यांची स्ट्रिप, पूर्ण रिकामी. फॉलिक ॲसिडच्या तीन स्ट्रिपा आणि त्यातल्या फक्त दोन गोळ्या कमी. बिल सोळा दिवसांपूर्वीचं.

गणित मला न करता कळलं. दहा गोळ्या दहा आठवडे पुरायला हव्या होत्या.

"आज्जी, ही गोळी कशी घेत होता?" मॅडमनी रिकामी स्ट्रिप दाखवली.

"ती रोजची. आन् ही दुसरी गुरुवारी." आज्जींनी फॉलिक ॲसिडकडे बोट दाखवलं. "रोजची संपली की. नातवाला म्हनलं आनून दे, तर ताप भरला."

पुढचं हळूहळू कळलं. गोळ्या द्यायचं काम सूनबाईंचं. त्या दर गुरुवारी न चुकता एक गोळी काढून हातावर ठेवायच्या आणि बाकीचे दिवस दुसरी. त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. जाताना त्यांनी नीट सांगितलंही होतं की एक रोजची आणि एक गुरुवारची. तेवढ्यात जुन्या स्ट्रिपा संपल्या, नातवाने नव्या आणल्या, त्या दुसऱ्या कंपनीच्या निघाल्या आणि वेष्टनाचा रंग बदलला. आज्जींना वाचता येत नाही. त्यांनी रंगावरून ओळख ठेवली होती. शिवाय गुडघे ठणकतात म्हणून गावातल्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज दोनदा, आणि ही गोळी मेथोट्रेक्सेट किडनीतून बाहेर पडण्याच्या वाटेतच आडवी येते. ती फाइलमध्ये असण्याचं कारणच नव्हतं.

"एक बी चुकवली न्हाई" हे आज्जींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चुकवली असती तर बरं झालं असतं.

मॅडम युनिटच्या सरांकडे गेल्या आणि स्ट्रिप त्यांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती उलटीपालटी करून बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय द्यायचं आता?"

इथे मला तिसऱ्या वर्षाच्या फार्माकॉलॉजीच्या व्हायवाचे, म्हणजे तोंडी परीक्षेचे, आभार मानायला हवेत. हाच प्रश्न एक्स्टर्नलनी विचारला होता आणि मी घडाघडा उत्तर दिलं होतं. पेशींना वाढायला फोलेट लागतं. आपण खातो ते फॉलिक ॲसिड तसंच वापरता येत नाही, एक एन्झाइम त्याला कामाच्या रूपात आणतं. मेथोट्रेक्सेट नेमकं ते एन्झाइम अडवतं. म्हणून जिथे पेशी भराभर तयार होतात तिथे आधी फटका बसतो: रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा आणि तोंडाचं अस्तर. अशा वेळी साधं फॉलिक ॲसिड कितीही दिलं तरी उपयोग नाही. घाटात दरड कोसळली असताना खालच्या स्टँडवरून आणखी एसट्या सोडण्यासारखं आहे ते. द्यायचं फॉलिनिक ॲसिड, ज्याला ल्युकोव्होरिन म्हणतात. ते अडलेल्या एन्झाइमच्या पुढच्या टप्प्यावरचं रूप आहे. घाटाच्या पलीकडच्या डेपोतून सुटलेली एसटी.

"ल्युकोव्होरिन, सर. आणि वेदनाशामक बंद."

सर मान हलवून म्हणाले, "मागवा." आज्जींच्या अंगावर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शनही सुरू झालं, अँटिबायोटिक बदललं, पलंग खिडकीकडे कोपऱ्यात हलवला. त्या दिवशी ल्युकोव्होरिन आमच्या स्टोअरमध्ये नव्हतं. बाहेरून आणायला नातू मोटारसायकलवरून गेला आणि दोन तासांनी आला. ते दोन तास मी जिन्यात बसून होते. व्हायवात या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क होते. आज्जी माझ्यासमोर दोन दिवस तोंड उघडून दाखवत होत्या आणि ते उत्तर माझ्या डोक्यात कुठेच वर आलं नाही. व्हायवात प्रश्न आधी 'मेथोट्रेक्सेटची विषबाधा' असं नाव घेऊन येतो. वॉर्डात तो 'तोंड आलंय गं' असं म्हणत येतो.

प्लेटलेट चढायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी आज्जींनी दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. मी दोन दिवस आधी पिशवी उघडली असती तर किती फरक पडला असता, हे मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "पडला असता." पुढे काही म्हणाल्या नाहीत आणि मलाही ते बरं वाटलं.

मग फॉर्म भरायचा होता. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे 2010 पासून आहे. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला, इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. वॉर्डातून भरलेला फॉर्म तिथे जातो आणि तिथून स्वीडनमधल्या उप्सालाला, जिथे जगभरच्या अशा नोंदी जमा होतात. फॉर्मवर पेशंटचं नाव लिहायचं नसतं, फक्त आद्याक्षरं. दुष्परिणाम औषधामुळेच झाला का हे ठरवायला नारांजो नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी असते. औषध बंद केल्यावर सुधारणा झाली का, दुसरं कारण संभवतं का, असे प्रश्न. बेरीज करायची, पाच ते आठ आली तर 'प्रॉबेबल', नऊ किंवा त्याहून जास्त आली तर 'डेफिनेट'. एक प्रश्न असा की औषध पुन्हा दिल्यावर त्रास पुन्हा झाला का? तिथे 'दिलं नाही' असं लिहिताना हात जरा थबकला. माझी बेरीज सात आली.

सून माहेरी गेली, वेष्टनाचा रंग बदलला आणि विद्यार्थिनीने पिशवी उघडली नाही, यासाठी त्या मोजपट्टीत मार्क नाहीत. फॉर्ममध्ये जादा माहितीसाठी थोडी जागा असते. पहिल्या दोन गोष्टी मी तिथे लिहिल्या. तिसरी नाही लिहिली. ती इथे लिहितेय.

यानंतर युनिटमध्ये आमची पत एकदम वाढली वगैरे काही झालं नाही. सर आम्हाला पुढेही बराच काळ "ए फार्मसी" म्हणूनच हाक मारायचे. फक्त राउंडला एखाद्या नव्या पेशंटपाशी थांबले की मागे वळून विचारायला लागले, "पिशवी बघितली?" आणि पिशव्यांमधून काय काय निघालं म्हणून सांगू! दम्याचे एक काका श्वासातून ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल दोन महिने पाण्याबरोबर गिळत होते. यंत्र घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं, नवंकोरं. "गोळीच हाय ना, गिळली," म्हणाले, आणि त्यात चूक काय? कॅप्सूल गिळायची असते हे आपणच लोकांना आयुष्यभर शिकवलंय. एका मावशींच्या पिशवीत थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच डबीत, सकाळी दोन्ही एकदम घ्यायच्या म्हणून. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला नीट शोषू देत नाही, त्यामुळे डॉक्टर दर वेळी डोस वाढवत चाललेले. फ्रीज नसलेल्या एका घरात इन्सुलिन प्लास्टिकच्या डब्यात घालून माठात ठेवलेलं निघालं. मी दटावायच्या बेतात होते. मॅडम म्हणाल्या, "शाबासकी दे त्यांना."

सहावं वर्ष इंटर्नशिपचं. सहा महिने जनरल मेडिसिन आणि मग दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत. आम्हाला स्टायपेंड नव्हता. शेजारच्या खोलीतल्या एमबीबीएसच्या इंटर्न मैत्रिणीला होता आणि महिनाअखेरीस चहाचे पैसे तीच द्यायची. मधे तीन आठवडे स्टोअरमध्ये माणूस कमी म्हणून आम्हाला स्टॉक मोजायला बसवलं, त्याची नोंद लॉगबुकात 'हॉस्पिटल फार्मसी प्रशिक्षण' अशी झाली. तक्रार केली तर सही अडेल, म्हणून कुणी केली नाही. मीही केली नाही. पंधरा मिनिटांच्या पोस्टिंगपेक्षाही या कोर्सचं खरं दुखणं हेच आहे असं मला वाटतं: आम्हाला तयार कशासाठी केलंय हे ठरवून ठेवलेलं आहे, पण त्या कामाची खुर्ची बहुतेक हॉस्पिटलांत मांडलेलीच नाही. माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त जण आज कंपन्यांमध्ये संगणकासमोर बसून परदेशातल्या पेशंटचे दुष्परिणाम नोंदवतात. पगार बरा आहे. वाईट काम नाही ते. पण उपडी करायला पिशवी नाही.

इंटर्नशिपमध्ये मेडिसिनच्या ओपीडीबाहेर एक टेबल आम्ही भांडून मिळवलं. आमवाताचे पेशंट तिथे यायचे, मेथोट्रेक्सेट नव्याने सुरू झालेले. 'आठवड्यातून एकदा' हे शब्द किती निसरडे असतात हे मला कळलेलं होतं. म्हणून मी वार ठरवून घ्यायचे. सोमवार-मंगळवार म्हटलं की वयस्कर माणसं मान डोलवतात आणि विसरतात. मग एका मावशींनीच वाट दाखवली. त्या म्हणाल्या, "वार नको सांगू, बाजार सांग." गावाकडे आठवडा मोजला जातो तो आठवडी बाजारावर. तेव्हापासून मी विचारायला लागले, "तुमच्याकडे बाजार कधी भरतो?" बाजाराहून आलात, पिशवी रिकामी केली, जेवलात की ही गोळी. एरवी हिला हात लावायचा नाही. पाकिटावर स्केचपेनने भाजीची जुडी काढून द्यायचे. माझी चित्रकला अशी की कुणाला ती झाडू वाटायची, पण लक्षात राहायचं.

आज्जीही एकदा त्या टेबलाशी आल्या, सूनबाई आणि कडेवर नात घेऊन. त्यांचं मेथोट्रेक्सेट कायमचं बंद झालं होतं, दुसरं औषध होतं, रोजचं. त्यांनी न सांगताच पिशवी टेबलावर उपडी केली आणि म्हणाल्या, "बघ बाई तुझं काय ते."

त्याच दिवशी दुपारी कवठेमहांकाळकडचे एक आजोबा आले. मेथोट्रेक्सेट नवीनच. मी सराईतपणे विचारलं, "आजोबा, तुमच्याकडं बाजार कधी?"

आजोबांनी जरा विचार केला. "आमच्या गावात बुधवारी. पर आमी जातो शेजारच्या गावात, तितला रविवारी. म्हंजी बुधवारी बी जातो, म्हसरांसाठी."

हातातलं स्केचपेन मी टोपण लावून खाली ठेवलं आणि त्यांना बसायला स्टूल पुढे सरकवलं.